रूप उरले, नाव हरवले : चित्रकार-शिक्षक सावळाराम हळदणकर



बृहदारण्यक उपनिषदात आर्तभाग नावाचा एक ऋषी याज्ञवल्क्यांना प्रश्न विचारतो. माणूस मरतो तेव्हा त्याला काय सोडून जात नाही? बाकी सगळे जाते, मग मागे उरते ते काय? याज्ञवल्क्यांचे उत्तर एका शब्दाचे आहे : नाव. देह जातो, नाव राहते. आपल्याकडे 'नाव मागे ठेवून गेला' असे म्हणतात, त्यातही हेच आहे.

आज आपण ज्यांच्याविषयी बोलणार आहोत त्यांच्या बाबतीत मात्र हे उत्तर उलटे झाले. त्यांनी घडवलेले रूप राहिले, घराघरांत गेले, आणि नावच वाटेत कुठेतरी सुटले. सावळाराम लक्ष्मण हळदणकर हे ते चित्रकार. 25 नोव्हेंबर 1882 चा जन्म, सावंतवाडीचा. 1968 साली, वयाची पंच्याऐंशी वर्षे ओलांडून ते गेले. आता तुमच्यातले काही जण म्हणतील, हे नाव फारसं ऐकलेलं नाही. पण थांबा. एक बाई उभी आहे, एका हातात दिवा आहे, दुसऱ्या हाताने तिने ज्योतीला आडोसा केला आहे, बोटांच्या फटींतून तांबूस उजेड पाझरतो आहे आणि तोच उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला आहे. हे चित्र पाहिलंय ना? कॅलेंडरवर, एखाद्या दुकानात, कुणाच्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावलेले, हल्ली दिवाळीत मोबाइलवर आलेले. पाहिलेच असणार. ते चित्र हळदणकरांचे. त्याचे नाव 'ग्लो ऑफ होप'. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात ते आहे. त्यातला दिवा जणू खरा वाटावा म्हणून तिथे ते मुद्दाम काळोखात ठेवून दाखवतात.

आणि आणखी एक गोष्ट तुम्ही बहुधा ऐकली असेल : हे चित्र राजा रविवर्म्याचे आहे. असे सांगणारी माणसे आम्हाला पुष्कळ भेटली. सुशिक्षित, चित्रांची आवड असणारी, म्हैसूरला जाऊन मूळ चित्र डोळ्यांनी पाहून आलेली. पर्यटकांना गावभर फिरवणारे लोक हेच सांगतात, आणि छापील प्रतींच्या खालीही हे नाव सर्रास दिसते. रविवर्मा 1906 साली वारले. हळदणकरांनी हे चित्र काढले ते त्यानंतर काही दशकांनी. म्हणजे साधी तारखांची वजाबाकी केली तरी हा दावा टिकत नाही. शिवाय रविवर्म्याची कीर्ती तैलरंगातली आहे आणि हे चित्र जलरंगात, म्हणजे आपल्या साध्या भाषेत वॉटरकलरमध्ये आहे. तरी समज टिकून आहे. का टिकला, आणि तो टिकल्याने नेमके काय बिघडते, हा आजच्या बोलण्याचा विषय.

कारण वरवर पाहिले तर काही बिघडत नाही. चित्र सुंदर आहे, लोक पाहतात, आनंद घेतात. त्याखाली कुणाचे नाव आहे याने आनंदात काय फरक पडतो? हा प्रश्न आम्ही हलका समजत नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात तो आम्ही बरीच वर्षे शिकवला आहे, आणि दरवेळी एखादा हुशार विद्यार्थी उठून म्हणायचाच, सर, चित्र बघायचं की सही बघायची? त्याला उत्तर द्यायला हवे. पण आधी माणसाची ओळख करून घेऊ.

सावंतवाडी म्हटले की आपल्याला मोती तलाव आठवतो, आणि चितारआळी. लाकडी खेळणी, रंगवलेली फळे, लाखकाम, गंजिफाचे गोल पत्ते. म्हणजे रंग आणि ब्रश ही ज्या गावात रोजच्या धंद्याची गोष्ट होती, अशा गावातला हा मुलगा. त्याच्या हातातली कला शाळेच्या मुख्याध्यापकांच्या लक्षात आली, आणि सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने 1903 साली तो मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आला. इथेच लक्षात घ्या, या गोष्टीत पहिला माणूस एक शिक्षक आहे. त्या शिक्षकाने ते पाहिले नसते, तर पुढचे काहीच झाले नसते.

जे. जे.ची स्थापना 1857 ची. हळदणकर तिथे शिकत होते तेव्हा सेसिल बर्न्स हे प्राचार्य होते आणि महादेव विश्वनाथ धुरंधर तिथे शिकवत होते. बर्न्स स्वतः जलरंगातले जाणकार. धुरंधरांचा हात तर असा, की माणसांच्या गर्दीचे चित्र काढताना एकही माणूस दुसऱ्यासारखा दिसू नये. कोकणातून आलेल्या मुलाला असे शिक्षक मिळाले.

इथे जलरंगाविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचा मुद्दा कळणार नाही. पाण्यात कालवलेला रंग आपल्याकडे नवा नव्हता. आपली सगळी लघुचित्रे, पहाडी असोत, राजस्थानी असोत की दख्खनी, पाण्यात आणि डिंकात कालवलेल्या रंगांचीच आहेत. पण तो रंग अपारदर्शक. एकावर एक थर देता येतो, पांढरा रंग वेगळा लावता येतो, खालचे झाकता येते. इंग्रजांच्या बरोबर आली ती पारदर्शक जलरंगाची पद्धत. तिच्यात पांढरा रंग जवळजवळ वापरायचाच नाही. उजेड हवा असेल तिथे कागद कोरा ठेवायचा. कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश. रंग म्हणजे त्या प्रकाशावर घातलेली पातळ झिरझिरीत ओढणी. गडद रंगावर फिका रंग चढत नाही, म्हणून फिक्याकडून गडदाकडेच जावे लागते. ओला असताना रंग एक दिसतो, वाळला की फिका होतो, तेव्हा हे आधीच मनात धरून हात चालवावा लागतो. आणि एकदा लावलेला वॉश पुसता येत नाही. पुसायला गेलात तर कागदाचे तंतू उठतात, रंग मळतो, ताजेपणा जातो.

तैलरंगात असे नसते. तिथे आज चुकले तर उद्या खरवडा, वरून पुन्हा रंगवा. तैलरंग माणसाला विचार बदलायला वेळ देतो. जलरंगात विचार आधी करून ठेवावा लागतो.

याच काळात बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर जपानी चित्रकारांकडून प्रेरणा घेऊन वॉशची वेगळी पद्धत घडवत होते. चित्र पाण्यात भिजवून रंग धुवायचे, पुन्हा लावायचे, म्हणजे सगळ्यावर धुक्यासारखी एक छटा पसरते. मुंबईच्या चित्रकारांचा ओढा निराळा. त्यांना धुके नको होते, ऊन हवे होते. घाटावरचे ऊन, देवळाच्या पायऱ्या, बाजार, समोर बसलेल्या माणसाच्या कपाळावरचा उजेड. डोळ्यांना जे दिसते ते, जसे दिसते तसे. याला पुढे 'अकॅडमिक' असे नाव पडले आणि काही टीकाकारांच्या तोंडी ती शिवी झाली. त्याकडे आपण परत येऊ.

आता पुन्हा दिव्याच्या त्या चित्राकडे चला. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे राखून ठेवलेला कागद, हे आपण पाहिले. मग ज्या चित्रात प्रकाशाचा उगमच चित्राच्या आत आहे, सगळे चित्र काळोखात आहे आणि एक ज्योत तेवढी उजळ आहे, त्यात चित्रकाराला काय करावे लागले असेल? भोवतीचा सगळा अंधार थराथराने गडद करत न्यायचा, आणि हे चालू असताना त्या बोटांच्या फटीतला, गालावरचा, साडीच्या घड्यांच्या कडांवरचा उजेड जपायचा. पहिल्या वॉशपासून शेवटच्या वॉशपर्यंत. तो उजेड मागाहून घालता येत नाही. एकदा गडद पाणी तिथे ओघळले की संपले. ती बाई ज्योतीला वाऱ्यापासून जशी जपते आहे, तसाच चित्रकारही आपल्या रंगाच्या पाण्यापासून तिला जपत होता. हे चित्र तीन दिवसांत पुरे केले असे सांगतात. दिवस किती लागले ते सोडून द्या. त्या तीन दिवसांच्या मागे चाळीस-एक वर्षांचा हात उभा होता, हे महत्त्वाचे.

ती बाई म्हणजे कोण, हेही सांगून टाकतो. ती हळदणकरांची मुलगी गीता. दिवाळीच्या दिवसांत, नवी साडी नेसलेली, हातात दिवा घेतलेली. वडिलांनी तिलाच मॉडेल म्हणून उभे केले. पुढे त्या लग्न होऊन उपळेकर झाल्या, कोल्हापुरात राहिल्या आणि 2018 साली, वयाच्या 102 व्या वर्षी वारल्या. त्यांच्याकडे आपण शेवटी येऊ.

आता हळदणकर शिक्षक म्हणून. 1908 साली, जे. जे.त पाऊल ठेवल्याला जेमतेम पाच वर्षे होतात न होतात तोच, पंचविशीतल्या या तरुणाने मुंबईत स्वतःची संस्था काढली : हळदणकर्स फाईन आर्ट इन्स्टिट्यूट. दहा वर्षांनी, 1918 मध्ये, सहकाऱ्यांबरोबर आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 पासून होतीच, पण तिच्यावर युरोपियन मंडळींचा वरचष्मा. आपल्या चित्रकारांना आपले असे व्यासपीठ हवे, या गरजेतून ही दुसरी संस्था आली. आणि गंमत बघा, ज्या बॉम्बे आर्ट सोसायटीला पर्याय उभा केला, तिचेच सुवर्णपदक 1925 साली 'मोहमेडन पिलग्रिम' या चित्रासाठी हळदणकरांना मिळाले. म्हणजे भांडण माणसांशी नव्हते. जागेसाठी होते, सगळ्यांना जागा मिळावी यासाठी.

मुंबईतल्या या खाजगी चित्रकला-वर्गांचा इतिहास अजून नीट लिहायला हवा असे आम्हाला फार वाटते. हळदणकरांचा वर्ग होता, केतकरांचा होता, दंडवतीमठांचे नूतन कलामंदिर होते. जे. जे. ही मोठी, सरकारी, दगडी इमारतीतली संस्था. सगळ्यांना तिथे पोहोचता येत नसे. कुणाला फी परवडत नसे, कुणाची दिवसाची नोकरी असे, कुणी गावाहून आलेला आणि काकाच्या बिऱ्हाडात खाटेखाली वळकटी ठेवून राहणारा. अशा मुलांना हे वर्ग सांभाळून घेत. सरकारी ड्रॉइंगच्या परीक्षा, पुढे डिप्लोमा, यांची तयारी तिथे होई. यांतून निघालेले सगळे काही नामवंत चित्रकार झाले नाहीत. त्यांतले पुष्कळ ड्रॉइंगमास्तर झाले. आणि मित्रहो, हीच खरी गोष्ट आहे.

आपल्यापैकी कितीजणांनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या आहेत? हात वर करू नका, आम्हाला माहीत आहे, जवळजवळ सगळ्यांनी. वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन, आणि तो एक विषय, स्मरणचित्र. 'बाजारातील दृश्य', 'पावसात भिजणारी मुले', समोर काही ठेवलेले नाही, आठवून काढायचे. ब्रशचे टोक जिभेवर धरून आपण चित्र काढत बसायचो आणि मास्तर मागून येऊन म्हणायचे, पाणी बदल, मळलंय. हे 'पाणी बदल' कुठून आले? त्या मास्तरांना त्यांच्या मास्तरांनी सांगितले, त्यांना त्यांच्या. ही साखळी मागे नेत गेलात तर ती जे. जे.च्या आणि मुंबईतल्या अशाच एखाद्या वर्गाच्या जिन्यापाशी जाऊन पोहोचते. सांगली असो, रत्नागिरी असो, परभणी असो, महाराष्ट्रातल्या शाळांमधून जलरंगाचे जे काही शिक्षण झाले त्याचे हे मूळ आहे. त्यात हळदणकरांसारख्यांचा वाटा मोठा आहे, आणि तो मोजता येत नाही.

का मोजता येत नाही? कारण शिक्षकाचे काम चित्रासारखे भिंतीवर लावता येत नाही. जलरंग शिकवायचा म्हणजे तर प्रात्यक्षिक दाखवावेच लागते. पुरे झालेले चित्र पाहून त्याचा क्रम कळत नाही. कुठला वॉश आधी दिला, कुठे कागद सुकायची वाट पाहिली, कुठे घाई केली, हे सगळे चित्र स्वतःत लपवून ठेवते. ते शिकायला मास्तरांच्या खांद्यामागे उभे राहून बघावे लागते. आणि ती जी वेळ असते, मास्तरांचा हात चालतो आहे आणि पोरे श्वास रोखून बघताहेत, ती वेळ संपली की संपली. ती कुठल्या कलादालनात जाऊन बसत नाही.

मम्मटाने काव्याची कारणे सांगताना तीन गोष्टी एकत्र धरल्या : शक्ती, निपुणता आणि अभ्यास. शक्ती म्हणजे प्रतिभा, ती जन्माबरोबर येते. निपुणता जग पाहून आणि शास्त्रे वाचून येते. पण तिसरे कारण, अभ्यास, यासंबंधी मम्मटाने एक महत्त्वाची अट घातली आहे. तो अभ्यास जाणकारांच्या शिकवणीखाली केलेला हवा. म्हणजे प्रतिभावंतालासुद्धा मास्तर चुकत नाही. आम्हाला वाटते, चित्रकलेला हे जसेच्या तसे लागू आहे. कलेच्या इतिहासात शक्तीचे गुणगान होते, अभ्यासाचे होत नाही. आणि अभ्यासाचे होत नाही म्हणून तो करवून घेणाऱ्याचेही होत नाही.

आता त्या शिवीकडे येऊ. 1947 साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. मोठी माणसे, त्यांनी भारतीय चित्रकलेला नवे वळण दिले यात शंका नाही. पण त्या नव्या वळणाची गोष्ट सांगताना पुढच्या लेखकांनी आधीच्या पिढीला एका वाक्यात गुंडाळले. समोरचे हुबेहूब काढणारे, इंग्रजी शिक्षणाचे, जुने. हे अन्यायाचे आहे. रझांची सुरुवातीची मुंबईची जलरंगातली दृश्ये पाहा. गाड्यांची गर्दी, पावसाळी रस्ता, सैल हाताने टाकलेले वॉश. ती हातोटी आकाशातून पडलेली नव्हती. ज्या शहरात दोन पिढ्या जलरंग शिकवला गेला, प्रदर्शनांतून मांडला गेला, त्यावर वाद झाले, बक्षिसे दिली गेली, त्या शहरात ती आली. झाड वाकडे वाढो की सरळ, माती कुणीतरी भुसभुशीत करून ठेवलेली असते.

तर आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे. चित्र बघायचं की सही?

हळदणकर वारले त्याच वर्षी, 1968 मध्ये, नेल्सन गुडमन या अमेरिकन तत्त्वज्ञाचे 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' हे पुस्तक आले. निव्वळ योगायोग, पण आमच्या उपयोगाचा. गुडमन असा प्रश्न घेतो. दोन चित्रे शेजारी आहेत, एक अस्सल, एक हुबेहूब नक्कल. नुसते पाहून तुम्हाला फरक ओळखता येत नाही. मग कुठले अस्सल हे कळल्याने सौंदर्याच्या दृष्टीने काही फरक पडतो का? आपण पटकन म्हणू, नाही. गुडमन म्हणतो, पडतो. कारण हे ज्ञान तुमच्या डोळ्यांना कामाला लावते. आज फरक दिसत नसेल, पण फरक आहे हे कळले की तुम्ही वेगळ्या तऱ्हेने पाहू लागता आणि उद्या तो दिसू लागतो. त्याने मीगेरनचे उदाहरण दिले आहे. या डच भामट्याने फेरमेरच्या नावावर स्वतःची चित्रे खपवली, मोठमोठे तज्ज्ञ फसले. आज सामान्य माणूससुद्धा ती चित्रे पाहून म्हणतो, यात काय फेरमेर आहे? डोळे तेच. ज्ञान आले म्हणून नजर आली.

आता हे आपल्या चित्राला लावून पाहा. 'ग्लो ऑफ होप' रविवर्म्याचे आहे असे समजून तुम्ही पाहता, तेव्हा काय पाहता? तैलरंगाच्या सवयीने पाहता. तो उजेड पिवळा-पांढरा रंग लावून आणला असेल, असे गृहीत धरता. म्हणजे त्या चित्रातली सगळ्यात अवघड गोष्ट, तो राखलेला उजेड, तुम्हाला दिसतच नाही. दिवा दिसतो, दिवा जपणारा हात दिसत नाही. हळदणकरांचे, आणि जलरंगातले, हे कळले की मग नजर कागदाकडे जाते. म्हणून नाव चुकते तेव्हा नुसत्या श्रेयाची चोरी होत नाही, बघणाऱ्याचेही नुकसान होते. त्या विद्यार्थ्याला आमचे उत्तर असे होते : बाळ, चित्रच बघ. पण नीट बघण्यासाठी सही लागते.

मग चूक झाली कशी? याला कुणी एक दुष्ट माणूस जबाबदार आहे असे आम्हाला वाटत नाही. जगनमोहन राजवाड्याच्या त्याच वास्तूत रविवर्म्याची अनेक चित्रे आहेत. रविवर्म्याचे नाव त्याच्या छापखान्यामुळे भारतभर देवघरापर्यंत पोचलेले. लोकांच्या मनात भारतीय चित्रकार म्हणजे रविवर्मा, एवढी एकच खुंटी होती. मग साडीतली सुंदर बाई दिसली की ती त्या खुंटीला अडकवली. प्रसिद्ध नावाला असे काहीतरी लोहचुंबक असते. आपल्याकडे कितीतरी अनाम ओव्या-अभंग मोठ्या संतांच्या नावावर गेले, तसेच हे. यात रविवर्म्याचा काही अपराध नाही, उलट त्यालाही यातून काही मिळत नाही. ज्याच्याकडे पुष्कळ आहे त्याच्या ताटात आणखी एक वाढले, आणि ज्याचे होते त्याचे ताट रिकामे राहिले.

याहून खोल असे आणखी एक कारण आहे. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिस लेखनाविषयी तक्रार करतो आणि लेखनाची तुलना चित्राशी करतो. चित्रातली माणसे जिवंत असल्यासारखी उभी असतात, पण त्यांना काही विचारा, ती गंभीरपणे गप्प राहतात. लिहिलेल्या शब्दांचेही तसेच. आणि त्यांच्यावर कुणी अन्याय केला, तर त्यांना स्वतःचा बचाव करता येत नाही, प्रत्येक वेळी बापाने मदतीला धावून यावे लागते. प्लेटो चित्रकारांवर फार मेहेरबान नव्हता, पण हे त्याने अचूक पाहिले. चित्र स्वतः सांगू शकत नाही, मी कुणाचे आहे. चित्रकार गेला की ते पोरके होते, आणि ज्याने हात धरला त्याच्यामागे चालू लागते.

हळदणकरांच्या बाबतीत मात्र एक विलक्षण गोष्ट घडली. बाप गेला, चित्र गप्प राहिले, पण चित्रातली बाई बोलली. गीताताई उपळेकर शंभरी गाठेपर्यंत होत्या, आणि त्यांनी विचारणाऱ्याला सांगितले, ती मी आहे, आणि हे माझ्या वडिलांनी काढले. वर्तमानपत्रांतून ते छापून आले. लेकराच्या मदतीला बापाने यायचे, असे प्लेटो म्हणाला. इथे बापाच्या मदतीला लेक आली. 1968 ते 2018, पन्नास वर्षे ही साक्ष जिवंत होती. आज तीही नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे, की आता ही साक्ष आपल्याकडे आली आहे. शिक्षकाची आठवण ठेवायची म्हणजे काय करायचे? जयंतीला हार घालणे सोपे आहे, त्याला आमची ना नाही. पण आपल्या परंपरेत ऋषींचे ऋण नावाची एक कल्पना आहे, आणि ते फेडायची रीत मोठी शहाणपणाची आहे. ज्याने दिले त्याला परत करायचे नाही, ते शक्यही नसते, तो गेलेला असतो. आपण शिकायचे, ते टिकवायचे, पुढे द्यायचे. तैत्तिरीय संहितेपासून हे सांगितले आहे. हळदणकरांचे हे ऋण त्यांच्या घरात त्यांचे चिरंजीव गजानन हळदणकर यांनी जलरंगाची साधना करून फेडले. घराबाहेर ते शेकडो ड्रॉइंगमास्तरांनी फेडले, ज्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत आणि ज्यांच्यातल्या अनेकांना आपण कुठून आलो हेही ठाऊक नसेल.

आपण चित्रकार नाही. आपल्या वाट्याला यातले काय येते? तीन साध्या गोष्टी सुचवतो आणि थांबतो. पहिली, म्हैसूरला जाल तेव्हा त्या चित्रापुढे घाई करू नका. आधी बोटांच्या फटी पाहा, मग गाल, मग भोवतीचा अंधार, आणि मनात म्हणा, इथे कागद राखलेला आहे. दुसरी, पुढच्या दिवाळीत कुणी ते चित्र रविवर्म्याच्या नावाने पाठवले, तर रागावू नका, भांडू नका. दोन ओळी लिहा : हे सावळाराम हळदणकरांचे, जलरंगात काढलेले, दिवा धरून उभी आहे ती त्यांची मुलगी. एवढे पुरे. आणि तिसरी, तुम्हाला शाळेत ज्यांनी रंग कसा कालवायचा ते शिकवले, त्यांचे पूर्ण नाव आठवून पाहा. आडनाव नव्हे, पूर्ण नाव. आठवत नसेल तर विचारा, जुन्या वर्गमित्राला फोन करा, शोधा, आणि कुठेतरी लिहून ठेवा. समोर काही ठेवलेले नसताना आठवून काढणे, हा विषय आपल्याला परीक्षेला होता. तो सोडवायची वेळ आता आली आहे.